ह्युगे

ह्युगे ही डेन्मार्कच्या लोकजीवनातील एक सांस्कृतिक संकल्पना आहे. जवळच्या माणसांच्या सहवासात, सौम्य प्रकाशात व उबदार जागेत अनुभवास येणारा निवांत जिव्हाळा असा तिचा स्थूल अर्थ सांगता येतो. स्कॅंडिनेव्हियातील दीर्घ, अंधाऱ्या व थंड हिवाळ्याशी ह्युगेचे नाते विशेष घनिष्ठ आहे. तथापि ती केवळ हिवाळ्यापुरती किंवा केवळ घरापुरती मर्यादित नाही. नॉर्वेमध्ये 'कूसेली' आणि स्वीडनमध्ये 'म्यूस' हे शब्द साधारणपणे याच भावनेसाठी वापरले जातात. इ.स. २०१६ च्या सुमारास ह्युगे हा शब्द इंग्रजीच्या वाटेने जगभर पोहोचला व मेणबत्त्या, लोकरी पांघरुणे, गृहसजावट यांच्या जाहिरातींशी जोडला गेला. मुळात मात्र ही वस्तूंची नव्हे, तर एकत्र बसण्याची रीत आहे. ज्या काळी इंधन आणि दिवा दोन्ही दुर्मिळ होते, त्या काळातील सामायिक चुलीच्या आणि सामायिक उजेडाच्या प्रथांशी तिचे जवळचे साम्य आढळते.

शब्द व व्युत्पत्ती

'ह्युगे' हा शब्द डॅनिश भाषेत नाम आणि क्रियापद अशा दोन्ही रूपांत वापरला जातो. डॅनिश उच्चारात पहिला स्वर आखूड असून शेवटचा स्वर अस्फुट असतो. त्यामुळे देवनागरीत तो 'हुगे', 'ह्युग', 'हुगा' अशा निरनिराळ्या प्रकारे लिहिलेला आढळतो. या शब्दाचे मूळ प्राचीन नॉर्स भाषेतील 'विचार करणे' या अर्थाच्या 'हुग्या' या क्रियापदात असल्याचे मानले जाते. त्याच कुळातील 'हुग्र' या शब्दाचा अर्थ मन असा होतो. डेन्मार्क आणि नॉर्वे ही राज्ये १८१४ पर्यंत एकाच राजसत्तेखाली होती. नॉर्वेजियन बोलींमधून हा शब्द डॅनिशमध्ये आला आणि एकोणिसाव्या शतकात आजच्या अर्थाने रुळला.

या शब्दापासून अनेक शब्द तयार झाले आहेत. 'ह्युगेली' हे विशेषण घर, संध्याकाळ, उपाहारगृह, गप्पा किंवा एखादी व्यक्ती यांपैकी कशालाही लावता येते. नव्या ओळखीच्या माणसाला भेटून आनंद झाला हे सांगताना किंवा पाहुणे निरोप घेत असतानाही हेच विशेषण वापरले जाते. घरातील आवडत्या कोपऱ्याला 'ह्युगेक्रोग' आणि नाताळच्या दिवसांतील घरगुती आनंदाला 'यूलेह्युगे' असे म्हणतात.

या शब्दाचा विरुद्धार्थी शब्दही लक्षणीय आहे. 'उह्युगेली' याचा अर्थ 'गैरसोयीचे' किंवा 'कंटाळवाणे' असा नसून 'भयाण', 'अंगावर काटा आणणारे' असा आहे. निर्मनुष्य रस्ता, ओसाड घर किंवा एखादी गुन्हेगारी कथा यांचे वर्णन या शब्दाने केले जाते. ह्युगेच्या अर्थात सुरक्षिततेची भावना किती खोलवर रुजलेली आहे, हे या विरोधातून ध्यानात येते. बाहेर काळोख आणि वारा असल्याची जाणीव हा आतल्या सुखाचाच एक भाग ठरतो.

भौगोलिक पार्श्वभूमी

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन सुमारे ५५.७° उत्तर अक्षांशावर आहे. तेथे डिसेंबरच्या उत्तरार्धात दिवस अवघा सात तासांचा असतो. सूर्य सकाळी साडेआठनंतर उगवतो आणि दुपारी पावणेचारच्या आत मावळतो. भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम ११° वर येतो. त्यामुळे सावल्या लांब पडतात आणि उजेड फिकट राहतो. सागरी हवामानामुळे डेन्मार्कमधील थंडी त्या अक्षांशाच्या मानाने सौम्य असते. परंतु आकाश बहुधा ढगाळ असते आणि पाऊस, दमट हवा व बोचरा वारा यांचा त्रास होतो. बर्फ फार काळ टिकत नसल्याने बर्फावरून परावर्तित होणारा उजेडही फारसा मिळत नाही.

उत्तरेकडे जावे तसा हा काळोख वाढत जातो. ऑस्लो व स्टॉकहोम येथे सर्वांत लहान दिवस सुमारे सहा तासांचा असतो. आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेस असलेल्या नॉर्वेतील ट्रॉम्सो शहरात नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. या काळाला नॉर्वेजियन भाषेत 'मोर्केतीद' म्हणजे काळोखाचा काळ म्हणतात. तरीही हा काळोख पूर्ण नसतो. दुपारच्या सुमारास काही तास निळसर संधिप्रकाश पसरतो व बर्फावर तो अधिक खुलतो. जानेवारीत सूर्य पुन्हा प्रथम दिसतो त्या दिवशी तेथे साखरेत घोळलेले गोड पाव खाऊन सूर्याचे स्वागत केले जाते.

नॉर्वेतील र्‍यूकान हे गाव अरुंद दरीत वसलेले असून सप्टेंबरअखेर ते मार्च या काळात डोंगराआड गेलेला सूर्य तेथील रस्त्यांवर पोहोचत नाही. गावकऱ्यांना वर जाऊन ऊन घेता यावे, यासाठी १९२८ मध्ये तेथे रज्जुमार्ग बांधण्यात आला. २०१३ मध्ये डोंगरमाथ्यावर तीन मोठे आरसे बसवून गावच्या चौकात सूर्यप्रकाश परावर्तित करण्याची व्यवस्था करण्यात आली. त्या प्रदेशात उजेडाचे मोल काय आहे, याचे हे बोलके उदाहरण होय.

इतिहास

सामायिक चूल आणि सामायिक दिवा

रॉकेलचे दिवे सर्वत्र पोहोचण्यापूर्वी ग्रामीण स्कॅंडिनेव्हियात हिवाळ्याची संध्याकाळ ही टंचाईची वेळ होती. प्रत्येक घरात, प्रत्येक खोलीत आग व दिवा ठेवणे परवडत नसे. त्यामुळे कुटुंबे, आणि काही ठिकाणी शेजारीही, एकाच खोलीत जमत. डेन्मार्कमधील जटलंड द्वीपकल्पाच्या मध्यभागी, हेर्निंगच्या परिसरात, जमीन हलकी व माळरानाची होती. तेथील शेतकऱ्यांना लोकरी मोजे विणण्याचा जोडधंदा करावा लागे. हिवाळ्याच्या रात्री स्त्रिया, पुरुष व मुले एका घरी जमून विणकाम करीत आणि हात चालू असताना गोष्टी सांगत, गाणी म्हणत. या बैठकांच्या जागेला 'बिंदेस्तुए' म्हणजे विणकामाची खोली असे नाव होते. डॅनिश लेखक स्टेन स्टेन्सन ब्लिकर (१७८२–१८४८) यांनी १८४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका कृतीत अशाच बैठकीचे चित्रण जटलंडच्या बोलीत केले आहे.

आइसलंडमध्ये 'क्वोल्दवाका' ही प्रथा याच स्वरूपाची होती. शेतघरातील सर्वांच्या निजण्याच्या व कामाच्या सामाईक खोलीत घरधनी, मुले व गडीमाणसे जमत. बाकीचे लोकर पिंजत, सूत काढत किंवा विणत असताना एकजण सागा मोठ्याने वाचून दाखवी अथवा पद्यकथा गाई. आइसलंडची साक्षरता व सागा-वाङ्मयाची परंपरा टिकून राहण्यात या बैठकांचा मोठा वाटा मानला जातो.

या प्रथांना त्या काळी ह्युगे असे म्हटले जात नव्हते आणि त्यांतील श्रमही विसरता येत नाहीत. मात्र एक उजेड, त्याभोवतीचे वर्तुळ, हातांना काम आणि सर्वांना वाटा ही त्यांची रचना आधुनिक ह्युगेतही ओळखू येते.

मध्यमवर्गीय घर

आजच्या अर्थाने ह्युगेची घडण एकोणिसाव्या शतकातील डॅनिश मध्यमवर्गाच्या घरात झाली. त्या शतकात डेन्मार्कला एकामागून एक आघात सोसावे लागले. १८०७ मध्ये ब्रिटिश आरमाराने कोपनहेगनवर तोफांचा भडिमार केला, १८१३ मध्ये राज्य दिवाळखोरीत निघाले, १८१४ मध्ये नॉर्वे हातचा गेला आणि १८६४ च्या युद्धात प्रशिया व ऑस्ट्रिया यांच्याकडून पराभव झाल्याने श्लेस्विग, होल्स्टाइन आणि लाउएनबुर्ग हे प्रदेश गमवावे लागले. बाहेर जे गमावले ते देशाच्या आत मिळवावे, हा विचार यानंतर प्रबळ झाला. पडीक माळराने लागवडीखाली आणणे, सहकारी दुग्धालये स्थापणे, लोकशिक्षणाच्या शाळा चालवणे यांसारख्या कामांना त्यातून बळ मिळाले. घर, कुटुंब व लहान समुदाय यांना आलेले महत्त्व याच मनोवृत्तीशी जोडले जाते.

या काळच्या चित्रकलेत घराच्या अंतर्भागाला विशेष स्थान आहे. व्हिगो योहान्सन यांच्या १८९१ मधील नाताळच्या प्रसिद्ध चित्रात मेणबत्त्यांनी उजळलेल्या झाडाभोवती हातात हात घालून फेर धरणारे कुटुंब दिसते. स्वीडिश चित्रकार कार्ल लार्सन यांनी सुंडबोर्न येथील आपल्या घराची जलरंगातील चित्रे १८९९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. साधे, उजळ व मुलाबाळांनी भरलेले घर हा स्कॅंडिनेव्हियाचा आदर्श रूढ होण्यास या चित्रांनी मोठा हातभार लावला.

विसावे शतक

विसाव्या शतकात कल्याणकारी राज्याच्या उभारणीबरोबर उबदार घर ही थोडक्यांची मिरासदारी राहिली नाही. १९७३ च्या तेलसंकटाच्या वेळी डेन्मार्क आपल्या ऊर्जेसाठी जवळजवळ सर्वस्वी आयात तेलावर अवलंबून होता. त्या हिवाळ्यात रविवारी मोटारी चालवण्यास बंदी घालावी लागली. १९७९ च्या उष्णतापुरवठा कायद्यानंतर सामूहिक तापनव्यवस्थेचा झपाट्याने विस्तार झाला. या व्यवस्थेत एका केंद्रात तापवलेले पाणी जमिनीखालील नळांतून घरोघरी पोहोचवले जाते. आज डेन्मार्कमधील सुमारे दोन-तृतीयांश घरांना अशा प्रकारे उष्णता मिळते. ह्युगेच्या लोकप्रिय वर्णनांत मेणबत्ती दिसते, पण जमिनीखालचे हे नळ दिसत नाहीत. वस्तुतः आजच्या डॅनिश घरात ऊब नळांतून येते आणि मेणबत्ती प्रामुख्याने वातावरण निर्माण करते.

स्वरूप

प्रकाश

ह्युगेमध्ये प्रकाशाला मध्यवर्ती स्थान आहे. डॅनिश भाषेत मेणबत्त्यांना 'लेव्हेने लूस' म्हणजे 'जिवंत दिवे' असे म्हणतात, तर आनंदावर विरजण घालणाऱ्या माणसाला 'दिवा विझवणारा' या अर्थाचा शब्द आहे. दरडोई मेणबत्त्यांच्या वापरात डेन्मार्कची गणना युरोपातील अग्रेसर देशांत होते. घरांतच नव्हे, तर उपाहारगृहांत, कार्यालयांत व शाळांच्या वर्गांतही हिवाळ्यात मेणबत्त्या लावल्या जातात.

विजेच्या दिव्यांच्या बाबतीतही हाच दृष्टिकोन आढळतो. छताच्या मधोमध एकच प्रखर दिवा लावण्याऐवजी कमी उंचीवर अनेक लहान दिवे ठेवून खोलीत उजेडाची बेटे निर्माण केली जातात. डॅनिश रचनाकार पाउल हेनिंगसेन (१८९४–१९६७) यांनी १९२० च्या दशकापासून दिव्यांच्या आवरणांचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. एकावर एक बसवलेल्या वक्र आवरणांमुळे दिव्याचा गोळा डोळ्यांना दिसू नये, चकाकी टळावी आणि उजेड मात्र टेबलावर मृदुपणे पसरावा, ही त्यांची कल्पना होती. त्यांनी १९५८ मध्ये रचलेला 'पीएच ५' हा दिवा आजही असंख्य डॅनिश घरांत जेवणाच्या टेबलावर टांगलेला दिसतो.

सहवास

ह्युगे एकट्यानेही अनुभवता येते. पुस्तक, चहा आणि खिडकीवर वाजणारा पाऊस यांनाही हा शब्द लावला जातो. तरी तिचे नमुनेदार रूप म्हणजे लहान गटाची बैठक होय. या बैठकीचे काही अलिखित संकेत असतात. कोणीही संभाषणावर वर्चस्व गाजवीत नाही. पद, पैसा वा यश यांचे प्रदर्शन टाळले जाते. कटू वाद उकरून काढले जात नाहीत. घाई दाखवली जात नाही. यजमानाने एकट्याने राबावे व पाहुण्यांनी बसून राहावे, अशीही अपेक्षा नसते. भाजी चिरणे, टेबल मांडणे, भांडी आवरणे यांत सर्वांचा हातभार लागतो. जेवणानंतर पत्ते किंवा पटावरचे खेळ होतात. जेवण फार थाटाचे असले, तर ते ह्युगेच्या आड येते असेही मानले जाते.

खाद्यपेये

कॉफी व ताजा भाजलेला गोड पाव हे ह्युगेचे नित्याचे सोबती आहेत. हिवाळ्यात 'ग्लॉग' हे पेय केले जाते. लाल द्राक्षमद्यात दालचिनी, लवंग व संत्र्याची साल घालून ते गरम करतात आणि त्यात मनुका व बदाम टाकतात. मुलांसाठी फळांच्या रसाचे बिनमद्याचे ग्लॉग असते. त्याबरोबर 'एब्लेस्किवर' हे गोल, फुगलेले गोड पदार्थ मुरंबा व पिठीसाखर लावून खातात. ते खोलगट वाट्यांच्या बिडाच्या तव्यात केले जातात. हा तवा मराठी घरांतील आप्पेपात्राशी मिळताजुळता असतो. स्कॅंडिनेव्हियाच्या भाजलेल्या पदार्थांत वेलदोडा सढळ हाताने वापरला जातो, तर स्वीडनमध्ये डिसेंबरात केशर घातलेले पाव केले जातात. भारतीय उपखंडाशी जोडले गेलेले मसाले तेथील हिवाळ्याच्या स्वयंपाकात असे कायमचे सामावले आहेत.

डिसेंबरमधील प्रथा

डिसेंबर हा ह्युगेचा प्रमुख महिना होय. अनेक घरांत १ ते २४ असे आकडे छापलेली मेणबत्ती असते. दररोज ती एका आकड्याइतकी जाळतात व नाताळच्या पूर्वसंध्येपर्यंतचे दिवस मोजतात. नाताळापूर्वीच्या चार रविवारी हिरव्या डहाळ्यांच्या कड्यावर एकेक मेणबत्ती अधिक लावली जाते. शाळांत एक दिवस कागद कापण्या-चिकटवण्यासाठी राखून ठेवतात. त्या दिवशी दोन रंगांच्या कागदी पट्ट्या एकमेकींत गुंफून हृदयाच्या आकाराच्या लहान टोपल्या करण्याची पद्धत आहे. अशी सर्वांत जुनी ज्ञात टोपली कथाकार हान्स क्रिस्तियन आंदरसन यांनी १८६० मध्ये केलेली आहे.

१३ डिसेंबर हा संत लुसियाचा दिवस असतो. जुन्या ज्युलियन कालगणनेत वर्षातील सर्वांत मोठी रात्र याच सुमारास येत असे. पांढरे झगे घातलेल्या मुली, त्यांतील एकीच्या डोक्यावर दिव्यांचा मुकुट, अशी मिरवणूक गात गात अंधारातून येते. ही प्रथा मूळची स्वीडनमधील आहे. डेन्मार्कमध्ये ती १९४४ मध्ये, जर्मन ताब्याच्या काळात, मूक निषेधाचे व आशेचे प्रतीक म्हणून आणली गेली.

२४ डिसेंबरच्या रात्री जेवणानंतर भात, फेटलेली साय व बदाम यांची 'रिसालामांग' नावाची गार खीर चेरीच्या गरम पाकाबरोबर वाढली जाते. तिच्यात एक अख्खा बदाम लपवलेला असतो. ज्याला तो मिळतो, त्याला भेटवस्तू मिळते. त्यामुळे बदाम मिळालेला माणूस तो गालात दडवून इतरांना खीर खात राहायला लावतो. त्यानंतर झाडावरच्या मेणबत्त्या पेटवून सर्वजण हात धरून झाडाभोवती फेर धरतात व गाणी म्हणतात.

डॅनिश जीवनात खिडकीतील मेणबत्तीला आणखी एक अर्थ आहे. ४ मे १९४५ च्या संध्याकाळी जर्मन फौजांच्या शरणागतीची बातमी नभोवाणीवरून आली, तेव्हा लोकांनी पाच वर्षे सक्तीने लावलेले काळे पडदे ओढून काढले आणि खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. त्या आठवणीसाठी दरवर्षी ४ मे च्या संध्याकाळी आजही अनेक घरांच्या खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या जातात.

शेजारील देशांतील समांतर संकल्पना

नॉर्वेमधील 'कूसेली' या संकल्पनेत निसर्गाचा भाग अधिक आहे. दिवसभर बर्फावरून स्की करून लाकडी कुटीत परतावे, शेगडी पेटवावी, ओले मोजे वाळत घालावेत व गरम कोको प्यावा, हे तिचे परिचित चित्र आहे. 'फ्रिलुफ्त्सलिव्ह' म्हणजे मोकळ्या हवेतील जीवन हा शब्द हेन्रिक इब्सेन यांनी १८५९ मधील एका कवितेत वापरल्यानंतर प्रसिद्ध झाला. घरातली ऊब व बाहेरची थंडी या दोन्हींचा आस्वाद परस्परपूरक मानला जातो. लाकूड फोडणे व रचणे या विषयावर लार्स मिटिंग यांनी लिहिलेले पुस्तक २०११ मध्ये प्रसिद्ध होऊन अतिशय लोकप्रिय झाले. फेब्रुवारी २०१३ मध्ये नॉर्वेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने या विषयावर बारा तासांचा कार्यक्रम सादर केला आणि त्यात बराच वेळ केवळ जळती शेकोटी दाखवली. लाकडे साल वर करून रचावीत की खाली करून, यावर प्रेक्षकांत वाद झाला.

स्वीडनमध्ये 'म्यूस' हा शब्द रूढ आहे. कामाचा आठवडा संपल्यावर शुक्रवारी संध्याकाळी कुटुंबाने सोपे जेवण व खाऊ घेऊन एकत्र दूरचित्रवाणी पाहण्याच्या सवयीला 'फ्रेदाग्सम्यूस' म्हणतात. फिनलंड हा काटेकोर अर्थाने स्कॅंडिनेव्हियाचा भाग नसला तरी तेथील सौना, म्हणजे वाफेच्या स्नानाची परंपरा, हिवाळ्यातील ऊब व समता यांचेच रूप मानता येते. युनेस्कोने २०२० मध्ये तिचा समावेश अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. आइसलंडमध्ये नाताळच्या पूर्वसंध्येला पुस्तके भेट देण्याची रीत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इतर वस्तूंच्या आयातीवर निर्बंध असताना कागद तुलनेने सहज मिळत असल्याने ती रूढ झाली.

आरोग्य व हिवाळा

हिवाळ्यात सूर्यप्रकाशाच्या अभावी काहींना येणाऱ्या खिन्नतेचे शास्त्रीय वर्णन मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केले. या ऋतुनिष्ठ विकारावर सकाळी तीव्र कृत्रिम प्रकाश देणे, मानसोपचार आणि औषधे असे उपचार केले जातात. प्रकाशोपचारात साधारणतः १०,००० लक्स इतका उजेड वापरतात. मेणबत्तीचा उजेड त्याच्या तुलनेत नगण्य असल्याने ह्युगे हा या विकारावरील उपचार ठरत नाही.

हिवाळ्याकडे पाहण्याच्या दृष्टीचा मात्र मनःस्थितीशी संबंध आढळतो. मानसशास्त्रज्ञ कारी लीबोविट्झ यांनी ट्रॉम्सो येथे राहून, योआर व्हिट्टर्सो यांच्यासह या विषयाचा अभ्यास केला व त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. हिवाळा ही केवळ सोसण्याची गोष्ट नसून त्यात उपभोगण्यासारखेही बरेच आहे, असे मानणारे लोक जीवनाविषयी अधिक समाधानी आढळले. नॉर्वेच्या दक्षिण भागापेक्षा अधिक काळोख असलेल्या उत्तरेकडील रहिवाशांत ही वृत्ती अधिक होती. हा परस्परसंबंध आहे. वृत्तीमुळेच समाधान येते असे त्यावरून सिद्ध होत नाही.

मेणबत्त्यांची दुसरी बाजूही नोंदवली गेली आहे. डॅनिश घरांतील मोजमापांत त्या हवेतील अतिसूक्ष्म कणांचा एक मुख्य स्रोत असल्याचे दिसून आले आहे. त्यामुळे त्या लावल्यावर खोलीत हवा खेळती ठेवण्याचा सल्ला दिला जातो.

सामाजिक अर्थ व टीका

ह्युगेचा संबंध डॅनिश समाजातील समतेच्या मूल्याशी जोडला जातो. आक्सेल सांडेमूसे यांच्या १९३३ मधील कादंबरीत 'यांतेचा कायदा' या नावाने, कोणीही स्वतःला इतरांहून श्रेष्ठ समजू नये असा अलिखित सामाजिक दंडक उपरोधाने मांडला आहे. ह्युगेच्या बैठकीतील बरोबरी ही त्याच दंडकाची मवाळ बाजू होय, असे म्हणता येईल. २०१६ च्या अखेरीस डेन्मार्कच्या सांस्कृतिक मंत्रालयाने लोकसहभागातून निवडलेल्या दहा डॅनिश मूल्यांच्या सूचीत कल्याणकारी समाज, स्वातंत्र्य, परस्परविश्वास, स्त्री-पुरुष समानता यांच्या जोडीने ह्युगेचाही समावेश करण्यात आला.

याच वैशिष्ट्यावर टीकाही झाली आहे. डॅनिश मानववंशशास्त्रज्ञ येप्पे ट्रोले लिनेट यांनी २०११ मधील निबंधात असे दाखवले, की ह्युगे समतेचा आविष्कार असली तरी ती सामाजिक नियंत्रणाचेही साधन बनते. कोणाचे वागणे 'ह्युगेली' व कोणाचे नाही हे ठरवताना ती स्वतःची एक उतरंड निर्माण करते. अति श्रीमंत, अति गरीब किंवा वेगळ्या रीतीने जगणारे लोक ह्युगेला अपात्र समजले जाऊ शकतात. मतभेद टाळण्याच्या संकेतामुळे बोलायला हवे ते बोलले जात नाही, असाही आक्षेप आहे. हसतखेळत, घरगुती विनोदाच्या आवरणाखाली केल्या जाणाऱ्या वांशिक शेरेबाजीसाठी डॅनिश भाषेत 'ह्युगेरासिस्मे' असा शब्दच तयार झाला आहे.

उजेडाचे वर्तुळ ज्यांना आत घेते त्यांना ऊब देते, परंतु वर्तुळाला बाहेरची बाजूही असते. डेन्मार्कमध्ये स्थलांतरित होऊन आलेल्यांना डॅनिश मित्रमंडळात प्रवेश मिळण्यास फार काळ लागतो, ही तक्रार वारंवार ऐकू येते. आंदरसन यांच्या १८४५ मधील काडेपेट्या विकणाऱ्या मुलीच्या कथेत ही बाहेरची बाजू फार पूर्वीच येऊन गेली आहे. वर्षाच्या शेवटच्या रात्री रस्त्यावर गारठलेली मुलगी काड्या पेटवते, तेव्हा त्यांच्या उजेडात तिला धगधगती शेगडी, वाढलेले ताट, दिव्यांनी सजलेले झाड आणि अखेरीस आपली आजी दिसते. ह्युगेचे सारे घटक या कथेत आहेत. नाही ते फक्त तिला आत बोलावणारे कोणी.

जागतिक प्रसार

जागतिक आनंद अहवालात डेन्मार्क २०१२, २०१३ आणि २०१६ मध्ये प्रथम क्रमांकावर होता. त्यामुळे डॅनिश जीवनपद्धतीविषयी कुतूहल वाढले. कोपनहेगन येथील आनंद संशोधन संस्थेचे प्रमुख माइक विकिंग यांचे ह्युगेवरील पुस्तक २०१६ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाले व अनेक भाषांत अनुवादित झाले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये या विषयावरील पुस्तकांची रीघ लागली. कॉलिन्स व ऑक्सफर्ड या दोन्ही कोशांच्या २०१६ च्या 'वर्षाचा शब्द' निवडीसाठी ह्युगे अंतिम यादीत होता. मान मात्र अनुक्रमे 'ब्रेक्झिट' व 'पोस्ट-ट्रूथ' या शब्दांना मिळाला. २०१७ मध्ये ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशात ह्युगेची नोंद झाली.

या लाटेत ह्युगेचे रूपांतर विक्रीच्या वस्तूत झाले, अशी टीका झाली. सुगंधी मेणबत्त्या, महागडी पांघरुणे, शोभेची लाकडे यांना ह्युगेचे नाव देण्यात आले. पैशाने ह्युगे विकत घेता येत नाही, ही डॅनिश समजूत मात्र याच्या नेमकी उलट आहे. महागडे बालसंगोपन व असुरक्षित नोकऱ्यांच्या समाजात केवळ दिवे मंद करून तोच निवांतपणा लाभेल, अशी अपेक्षा धरणेही अपुरे ठरते. संध्याकाळी चार-पाचच्या सुमारास काम संपवून घरी पोहोचता येणे, आजारपण वा बेकारीत आधाराची खात्री असणे आणि घर उबदार ठेवणे परवडणे, या सार्वजनिक व्यवस्थांच्या पायावर डॅनिश ह्युगे उभी आहे.

मराठी प्रतिशब्द

ह्युगेला नेमका मराठी प्रतिशब्द नाही. 'ऊब' हा शब्द सर्वांत जवळचा म्हणता येईल. कारण तो शेकोटीला, गोधडीला आणि माणसाच्या मायेलाही सारख्याच सहजतेने लावला जातो. परंतु ह्युगेत अभिप्रेत असलेली ठरवून केलेली बैठक व तिच्यातील बरोबरी 'ऊब' या शब्दात येत नाही. ती छटा 'बैठक', 'मैफल', 'गप्पांचा फड' या शब्दांत अंशतः येते. त्यामुळे मराठी लेखनात मूळ शब्दच लिप्यंतरित करून वापरण्याकडे कल दिसतो.